यंत्रनिर्मित वस्तू आणि तिचे भारतीयपण

१९५८ च्या एप्रिल महिन्यात चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक छोटेखानी अहवाल सादर केला. स्वतंत्र देशात नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या वस्तूंना रूप कोणते द्यावयाचे, हा प्रश्न सरकारपुढे होता. देशभर प्रवास केल्यानंतर या दांपत्याने आदर्श म्हणून जी वस्तू पुढे ठेवली, ती एखादे शिल्प नव्हती की राजवाड्यातील एखादे आसनही नव्हते. तो घरोघरीचा लोटा होता.

लोट्याचा कर्ता कोणी एक नाही. त्यात पाणी किती मावावे, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कोठे राहावा, तो तळहातावर, कमरेवर वा डोक्यावर कसा बसावा, धार कशी पडावी, आतून घासताना हात कसा फिरावा, धातूला किंमत किती पडावी, अशा असंख्य प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून त्या एका आकारात मुरलेली आहेत. लोट्याची नक्कल करावी, असे ईम्स यांनी सुचविले नव्हते. हे प्रश्न विचारण्याची शिस्त नव्या वस्तूंनाही लावावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली आणि १९६९ मध्ये पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. ‘अभिकल्प’ हा शब्द कार्यालयीन परिभाषेतच राहिला. कारागिरापासून कारखानदारापर्यंत सर्वांच्या तोंडी ‘डिझाइन’च रुळले.

भारतीयपणाचा सोपा अर्थ लावण्याचा मोह मात्र संस्था निघाल्या म्हणून ओसरला नाही. घड्याळाच्या तबकडीवर मोर किंवा थर्मासवर कोयरी काढली की वस्तू भारतीय झाली, अशी समजूत बाजारात दीर्घकाळ वावरत आली आहे. हे वस्तूचे वेष्टन होय, तिचे रूप नव्हे. उलट, जिच्या आराखड्यात भारतीय असे जवळजवळ काहीच नव्हते, ती अँबॅसडर मोटार राष्ट्राची ओळख होऊन बसली! ब्रिटिश ‘मॉरिस ऑक्सफर्ड’वरून घेतलेली ही गाडी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत होती. ऐसपैस बैठक आणि कोणत्याही गावचा मिस्त्री दुरुस्त करू शकेल अशी बांधणी, यांमुळे लोकांनीच तिला आपली मानले.

खऱ्या अर्थाने नवी घडण कशी होते, हे मिक्सरच्या उदाहरणात अधिक स्पष्ट दिसते. युरोपातून आलेली यंत्रे फळांचा रस काढण्यासाठी किंवा केकचे मिश्रण फेटण्यासाठी योजलेली होती. भारतीय स्वयंपाकघरात त्यांच्यापुढे भिजवलेली उडदाची डाळ, ओले खोबरे आणि दगडासारखी हळकुंडे आली, आणि मोटारी जळू लागल्या. पाट्यावरवंट्याचे काम त्या यंत्रांच्या निर्मात्यांनी कधी पाहिलेच नव्हते. सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांनी १९६० च्या दशकात ‘सुमीत’ हे यंत्र तयार केले, ते हीच अडचण ओळखून. दणकट मोटार, कोरड्या व ओल्या वाटणासाठी निराळी पाती आणि पोलादी भांडे अशी त्याची रचना होती. त्यावर एकही पारंपरिक नक्षी नव्हती. तरीही भारतात ‘मिक्सर’ या शब्दाचा अर्थच बदलला. मिसळणारे नव्हे, तर वाटणारे यंत्र असा तो झाला.

मतदानयंत्राच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. त्याच्या रूपावर पवईच्या केंद्रातील प्राध्यापकांनी काम केले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांसाठी चिन्हे योजली गेली होती. तीच चिन्हे या यंत्रावर एकाखाली एक आली आणि प्रत्येक चिन्हाशेजारी एक निळे बटण बसले. बटण दाबताच तांबडा दिवा लागतो व आवाज होतो. वीज न पोचलेल्या खेड्यातही चालावे, म्हणून ते बॅटरीवर ठेवले आहे. २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत मतदान याच यंत्रावर झाले.

एक बिकट प्रश्न मात्र उरतो. वस्तू देशी गरजांना जुळली, तरी तांबटाचे किंवा चर्मकाराचे काम त्यामुळे परत येत नाही. १९७५ मध्ये राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातील जवाजा या अवर्षणग्रस्त भागात रवी मथाई यांच्या पुढाकाराने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने व डिझाइन संस्थेने या प्रश्नाला हात घातला. विणकर व चर्मकार यांच्या जुन्या कौशल्यातून शहरी ग्राहकांना उपयोगी पडतील अशा सतरंज्या व पिशव्या घडविण्यात आल्या. नवे आकार सुचविणे त्यामानाने सोपे होते. कच्चा माल घेणे, हिशेब ठेवणे आणि मध्यस्थ टाळून ग्राहकाशी स्वतः बोलणे, हे कारागिरांच्या हाती सोपविण्यास फार काळ लागला.

इकडे लोट्याची थोरली बहीण घागर केव्हाच प्लास्टिकची झाली आहे. तीत पाणी थंड राहत नाही. पण तिची मान अजूनही हाताच्या विळख्यासाठी अरुंद आहे, आणि पोट कमरेवर टेकेल इतकेच फुगीर.