परडीतल्या चाकूला घरचं म्यान

मैत्रिणींनो, कुंड्यांजवळची परडी आठवा. खुरपं, सुतळी, बियांच्या पुड्या आणि छाटणीचा चाकू, सारं एकत्र! घाईत आपण हात घालतो, मुलं तर न बघताच घालतात. चाकूला वर्तमानपत्र गुंडाळलं तर चार दिवसांत फाटतं. चामड्याचं म्यान पावसाळ्यात ओल धरतं, मग पातं गंजतं. नळाच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचं मात्र छान म्यान होतं, तेही नुसत्या उकळत्या पाण्यात.

प्लास्टिकच्या दोन जाती असतात. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेलं बेकेलाइट भाजलेल्या भाकरीसारखं. एकदा घट्ट झालं की पुन्हा मऊ होत नाही. पीव्हीसी तुपासारखं, तापवलं की नरम, निवलं की घट्ट. ते साधारण ८० अंश सेल्सिअसला नरम पडू लागतं. पाणी १०० अंशांच्या वर तापतच नाही, म्हणून पाइप करपायची भीती नाही.

साहित्य : ३२ मिलिमीटर व्यासाचा पातळ पीव्हीसी पाइप (चपटा केल्यावर सुमारे ५ सेंटिमीटर रुंद होतो, म्हणजे ४ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला पुरतो), कडक पुठ्ठा, चिकटपट्टी, करवत, काचपेपर, दोन पाट, चिमटा, जाड हातमोजे. गरम पाण्याच्या नळाचा पिवळसर सीपीव्हीसी पाइप नको. तो उकळत्या पाण्यात दाद देत नाही.

कृती : पात्यापेक्षा ३ सेंटिमीटर लांब तुकडा कापून कडा घासून घ्या. पुठ्ठ्याचं नकली पातं करा : खऱ्याइतकंच रुंद, किंचित जाड. त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. खरा चाकू साच्यासाठी मुळीच वापरू नका. पाइप दोन-तीन मिनिटं उकळा. चिमट्याने दाबल्यावर दबला की बाहेर काढून पाणी निथळा. नकली पातं आत सरकवा, खालचे ३ सेंटिमीटर रिकामे ठेवा आणि दोन पाटांमध्ये दाबून धरा. खालचं टोक वेगळं दाबून चपटं करा. तिथे राहणारी बारीक फट असू द्या, पाणी निघून जायला ती हवीच. दाब न सोडता गार पाणी ओता. बिघडलं? पुन्हा उकळा. पाइप आपोआप गोल होऊ लागतो, की नव्याने सुरुवात!

पूर्ण गार झाल्यावर खरा चाकू घाला. जमिनीवर जाड कापड पसरून त्यावर म्यान उलटं धरा. चाकू निसटला तर तो काढून ठेवा, फक्त तोंडाकडची बाजू उकळत्या पाण्यात बुडवा आणि नकली पातं घालून पुन्हा दाबा.

हे विसरू नका, बरं का : पाइप गॅसच्या ज्योतीवर कधीही धरू नका. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. डोळे आणि घसा जळजळतो. पाइप टिकावेत म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. त्याला आळा घालायला केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. पण उरलेला तुकडा कधीचा, कोण सांगणार? म्हणून स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका, घासलेला भुसा ओल्या फडक्याने टिपा आणि भाजी-फळांच्या चाकूला हे म्यान घालू नका.

म्यान शेगडीजवळ किंवा उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवलं तर सैल पडेल. चाकू पुसून, कोरडा करूनच आत घाला. आणि म्यान झालं म्हणून चाकू मुलांच्या हाती लागेलसा ठेवायचा नाही. परडी उंच खुंटीलाच बरी!