नवी गाडी घेताना जुनीचा हिशेब वेगळा

गुढीपाडवा, दसरा किंवा धनत्रयोदशी जवळ आली की मोटारींच्या शोरूममध्ये गर्दी वाढू लागते. घरातील आठ-दहा वर्षांची गाडी देऊन नवी घ्यायची, असा बेत करून अनेक कुटुंबे तेथे पोहोचतात. विक्री प्रतिनिधी चहा मागवतो, जुन्या गाडीभोवती एक फेरी मारतो आणि थोड्या वेळाने एकच आकडा समोर ठेवतो, 'तुम्हाला फक्त एवढे भरायचे.' या एका आकड्यात निदान चार वेगवेगळे व्यवहार गुंडाळलेले असतात आणि ग्राहकाचे नुकसान बहुतेक वेळा तेथेच होते.

हे समजून घेण्यासाठी विक्रेत्याची बाजूही पाहायला हवी. नव्या गाडीवर त्याला मिळणारा नफा एक आकडी टक्क्यांतच असतो. त्यातूनच शोरूमचे भाडे, पगार आणि गोदामात उभ्या असलेल्या गाड्यांवरील व्याज निघायचे असते. साहजिकच विमा, कर्ज, अॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि जुनी गाडी या इतर वाटांनी तो आपली कमाई भरून काढतो. म्हणूनच नव्या गाडीवर घसघशीत सवलत देणारा विक्रेता जुन्या गाडीचा भाव पाडू शकतो, तर जुनीला चढा भाव देणारा दुसरीकडे वसूल करू शकतो.

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. एका गाडीची ऑन-रोड किंमत एका विक्रेत्याकडे १० लाख ८० हजार आहे. तो ४० हजारांची रोख सवलत, २५ हजारांचा एक्स्चेंज बोनस आणि जुन्या गाडीचे २ लाख २० हजार देतो. ग्राहकाला भरावे लागतात ७ लाख ९५ हजार. दुसरा विक्रेता जुन्या गाडीचे २ लाख ६० हजार देऊ करतो. ४० हजार जास्त मिळतात म्हणून ग्राहक खूश होतो. पण तेथे सवलत १० हजारांचीच असते, बोनस तेवढाच २५ हजारांचा असतो आणि विमा व अॅक्सेसरीज धरून ऑन-रोड किंमत १० लाख ९८ हजारांवर गेलेली असते. भरायची रक्कम होते ८ लाख ३ हजार, म्हणजे आठ हजारांनी जास्त. तीच जुनी गाडी बाहेर २ लाख ५५ हजारांना विकून पहिल्या विक्रेत्याकडे एक्स्चेंजविना गेले, तर बोनस सोडूनही नवी गाडी ७ लाख ८५ हजारांत पडते.

आधी नवी, मग जुनी

त्यामुळे शोरूममध्ये पहिल्या भेटीत जुन्या गाडीचा विषय काढूच नये. एकाच कंपनीच्या, शहरातील दोन-तीन विक्रेत्यांकडून नव्या गाडीचे लेखी कोटेशन घ्यावे आणि त्यात प्रत्येक रक्कम वेगळी मागावी. एक्स-शोरूम किंमत व रस्ता कर यांत घासाघीस होत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर हा कर ११ टक्के आहे. दहा लाखांहून महाग गाडीवर एक टक्का टीसीएस घेतला जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. मात्र 'हँडलिंग' वा 'लॉजिस्टिक्स'च्या नावाखालील काही हजार रुपये सरळ नाकारावेत. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेलाच असतो. पॉलिश, कोटिंग आणि सीट कव्हरच्या 'पॅकेज'बद्दल तर बोलायलाच नको.

विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा, असे बंधन नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचाच घेता येतो. बाहेरच्या कंपनीचा दर तुलनेसाठी आणताना विम्यातील गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखी आहे ना, हे पाहावे. ती कमी दाखवली की हप्ता आपोआप कमी दिसतो.

येथेच एक मोठी रक्कम अनेकांच्या हातून निसटते. विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल, तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यातून तेवढी सूट मिळते. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे; ते तीन वर्षे वापरता येते. शोरूममध्ये हे आपणहून सांगितले जाईलच, असे नाही.

नव्या गाडीचा आकडा ठरला की जुनीकडे वळावे. त्याआधी ट्रू व्हॅल्यू, कार्स२४, स्पिनी अशा दोन-तीन ठिकाणी आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे भाव काढून ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला व उपकर गेला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, म्हणून त्याआधी शेजाऱ्याला काय मिळाले, याला आता फारसा अर्थ नाही. एक्स्चेंज बोनस हा बहुधा कंपनीच्या योजनेतून येतो. तो जुन्या गाडीच्या भावात मिसळू न देता स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावा. काही विक्रेते बाहेर विकलेल्या गाडीचे नाव बदलल्याची कागदपत्रे दाखवल्यावरही बोनस देतात; विचारून पाहायला हरकत नाही.

वेळेचेही गणित आहे. महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठायचे असते. पितृपक्षात शोरूम ओस पडतात आणि डिसेंबरात त्या वर्षी बनलेल्या गाड्या संपवायच्या असतात. याउलट मुहूर्तावरच गाडी हवी म्हणणाऱ्याला घासाघीस करायला वाव उरत नाही. डिसेंबरातील सवलत घेताना गाडी कोणत्या महिन्यात बनली, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी घ्यावे. ते नोंदणी प्रमाणपत्रावर कायमचे राहते आणि पुढे गाडी विकताना त्यावरच भाव ठरतो.

चावी देण्यापूर्वी

पैशांपेक्षा मोठी जोखीम जुन्या गाडीच्या कागदपत्रांत असते. कोऱ्या फॉर्म २९ व ३० वर सह्या करून गाडी सोडून देण्याची सवय अनेकांना आहे. पुढे ती गाडी महिनोन् महिने जुन्याच नावावर फिरत राहते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. ती गाडी अपघातापूर्वी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. तरीही नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने म्हटले.

यावर एप्रिल २०२३ पासून मार्ग निघाला आहे. आरटीओकडून अधिकारपत्र मिळालेल्या वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गाडी सोपवताना मालक आणि विक्रेता दोघांनी मिळून फॉर्म २९सी पोर्टलवर भरायचा असतो. त्यानंतर पुढची विक्री होईपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. शोरूमवाल्याकडे हे अधिकारपत्र आहे का, हा प्रश्न भाव ठरवण्याआधी विचारावा. नसेल तर नाव बदलून नव्या प्रमाणपत्राची प्रत मिळेपर्यंत काही रक्कम रोखून धरण्याची अट घालावी. अर्थात सगळे ती मान्य करणार नाहीत. मग निदान गाडी सोपवल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली सही-शिक्क्याची पावती तरी हाती असावी.

जुन्या कर्जाचा बोजा फॉर्म ३५ देऊन उतरवावा, थकीत ई-चलने भरावीत आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा. तसे न केल्यास टोलनाक्यावर नव्या मालकाच्या प्रवासाचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून कापले जात राहतात.