प्लेट आधी, टेकू नंतर

घर बांधणारा माणूस सिमेंटच्या गोण्या मोजतो, सळईचा ब्रँड विचारतो, वाळू मुठीत घेऊन बघतो. सेंटरिंगकडे मात्र त्याचं लक्ष जातं ते थेट पैसे द्यायच्या दिवशी. "काढूनच न्यायच्या सामानाला एवढे कसले हो पैसे?" हा प्रश्न मी साताऱ्याकडच्या साइटवर आजही ऐकतो.

कसले, ते सांगतो. दहा बाय दहाची खोली, पाच इंची स्लॅब. ओल्या काँक्रीटचं वजन जवळजवळ तीन टन. शिवाय वर माणसं, घमेली, व्हायब्रेटर. काँक्रीट स्वतःला पेलू लागेपर्यंत हा सगळा भार प्लेटांवरून टेकूंवर आणि टेकूंवरून जमिनीवर येतो. जमीन कुठली, तर जोत्यात नुकताच भरलेला मुरूम! म्हणून स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी मी वरची सळई नंतर बघतो, आधी वाकून खाली शिरतो. टेकू ओळंब्यात आहे का, त्याच्या बुडाखाली जाड फळी आहे का, आडवे बांध आहेत का. टेकू तोकडा पडला म्हणून खाली विटा रचलेल्या दिसल्या, तर स्लॅब त्या दिवशी भरत नाही. मग मिक्सरवाला कितीही ओरडो.

कॉलमची गोष्ट वेगळी. तिथे भार खाली नाही, बाजूला ढकलतो. दहा फुटी कॉलम एका दमात भरला तर बुडाशी दर चौरस फुटाला सातशे किलोच्या आसपास दाब येऊ शकतो. शिकंजा सैल असला की साचा फुगतो, फटीतून सिमेंटचा रस गळतो आणि आत नुसती खडी उरते.

आता कळीचा मुद्दा. ठेकेदाराला सामान लवकर मोकळं हवं असतं, कारण तोच संच पुढच्या साइटवर जायचा असतो. त्यात गैर काही नाही, पण प्लेट आणि टेकू यांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार कॉलम-भिंतींचे साचे १६ ते २४ तासांत निघतात. स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, मात्र टेकू लगेच पुन्हा लावायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४. सहा मीटरपेक्षा लांब बीमचे २१. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे, आणि हवा १५ अंशांच्या खाली नसतानाचे. हल्ली घरांना सर्रास वापरतात ते पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. त्यात थंडीचे दिवस असले तर मुदत वाढवलीच पाहिजे.

मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये दिसणारी माइवान पद्धत नेमका हाच हिशेब पाळते. ॲल्युमिनियमची पॅनेलं खालून सुटतात, टेकू जागचा हलत नाही. भिंती आणि स्लॅब एकदमच भरतात, त्यामुळे मजले भराभर चढतात. पण एकसारखे मजले पुष्कळ असतील तरच तो खर्च वसूल होतो. शिवाय पुढे भिंत पाडून खोली मोठी करायचा विचार सोडून द्यायचा. दोन मजली बंगल्याला आपल्या लोखंडी प्लेटा उत्तम.

तेव्हा सेंटरिंगचा दर ठरवताना एक करा: टेकू किती दिवस राहतील, हे इंजिनिअरला विचारून करारात लिहून घ्या. आणि स्लॅब भरल्याची तारीख खडूने कॉलमवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.