जॅग्वार ई-टाइप मिसिंग मारते तेव्हा

मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार ई-टाइप जगासमोर आली, आणि तिच्या लांबलचक बॉनेटचं कौतुक आजही संपलेलं नाही. मला मात्र त्या बॉनेटखाली काय चालतं याचंच जास्त वेड आहे. ते अख्खंच्या अख्खं पुढे कलंडतं आणि 3.8 लिटरचं एक्सके इंजिन समोर उघडं पडतं: ओळीने 6 सिलिंडर, वर 2 कॅमशाफ्ट, बाजूला 3 एसयू कार्बोरेटर. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बॉम्बच्या आगींवर पहारा देत जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स, मुख्य इंजिनिअर विल्यम हेन्स आणि त्यांचे सहकारी रात्री जागवायचे. त्या जागरणातल्या चर्चांमधून या इंजिनाने आकार घेतला.

असं इंजिन मिसिंग मारू लागलं, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकू लागला, की आधी पाना नाही, कान लावायचा.

फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे 600 आरपीएमच्या संथ आयडलिंगलाही सेकंदाला 30 ठिणग्या पडतात. त्यांतला एक सिलिंडर गार पडला, तर सायलेन्सरच्या तोंडाशी सेकंदाला 5 ठसके ऐकू येतात, अगदी नियमित. ठसका असा मोजून-मापून येत असेल, तर बहुधा एकाच सिलिंडरचं दुखणं. कधी येतो, कधी नाही, असं असेल तर सहाही जणांना जे सामाईक आहे तिथे शोधायचं: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोल. नुसत्या आवाजावरून अर्धे संशयित बाजूला होतात!

गार पडलेला सिलिंडर ओळखायची एक जुनी युक्ती आहे. थंड इंजिन सुरू करायचं आणि थोड्या वेळाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. पाच ठिकाणी तो चर्र करून उडून जातो, सहाव्या ठिकाणी नुसता ओघळतो. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदलून बघायचा. मिसिंग प्लगबरोबर गेलं, तर दोष प्लगचा. जागेवरच राहिलं, तर वायर बदलून बघायची. एका वेळी एकच बदल. प्लग, पॉइंट, वायरी सगळं एकदम नवं टाकलं तर गाडी सुधारेलही, पण का सुधारली ते कधीच कळणार नाही. एक सांगून ठेवतो: जॅग्वार या इंजिनाचे सिलिंडर मागून मोजायची. 1 नंबर ड्रायव्हरकडचा, 6 नंबर रेडिएटरकडचा. हे माहीत नसेल तर माणूस भलत्याच टोकाला शोधत बसतो.

आता ठिणगीकडे येऊ, कारण खरी नवलाई तिथे आहे. बॅटरी 12 व्होल्टची आणि प्लगच्या टोकाला हवेत वीस-वीस हजार व्होल्टची उडी! डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे आपल्याकडच्या मेकॅनिकच्या डेल्कोतले, पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ठिणगी मात्र पडते ती करंट तुटतो त्या क्षणी. भरधाव वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप दणकतो, तसा इथे विजेचा दणका बसतो: क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड व्होल्टेज उमटतं. पॉइंटमधली फट जेमतेम 0.4 मिलिमीटर, आणि 5000 आरपीएमला ती सेकंदाला 250 वेळा उघडते-मिटते.

हे तुटणं खरोखर झटक्यात व्हावं म्हणून बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो नसेल तर उघडणाऱ्या पॉइंटमधूनच करंट उडी मारत राहतो, पॉइंट जळतात, प्लगला उरतो मरतुकडा करंट. कंडेन्सरच्या आत धातूच्या वर्खाची गुंडाळी असते आणि जुनी झाली की ती उष्णतेने दगा देते. म्हणून गाडी घाटात तापल्यावर अडखळते आणि तासाभराने निमूट सुरू होते, अशी तक्रार आली की मी पहिला संशय कंडेन्सरवर घेतो, दुसरा कॉइलवर. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच पळतोय. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर फाटक्या वायरीतून निसटणारा निळा करंट डोळ्यांनी दिसतो. हात मात्र लांब.

सगळीकडे ठिणगी जोरदार असेल, तर कार्बोरेटर. एकेक कार्बोरेटर प्रामुख्याने दोन सिलिंडरांना पाजतो, म्हणून 3 आणि 4 दोघेही सुस्त असतील तर मधला तपासायचा. त्याचा पिस्टन मिलिमीटरभरच उचलायचा. इंजिन किंचित चढून पुन्हा पहिल्यासारखं झालं तर मिक्श्चर बरोबर, चढूनच राहिलं तर पेट्रोल जास्त, पडू लागलं तर कमी.

पण शेजारचे दोन सुस्त असण्याचं आणखी एक कारण असतं: दोघांमधलं हेड गॅस्केट उडालेलं. त्याचा निकाल कॉम्प्रेशन गेज लावतो. दोघांचंही प्रेशर सारखंच पडलेलं दिसलं तर गॅस्केट. एकट्याचंच पडलं असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. हेडला पाना लावायचा तो हे आकडे कागदावर उतरवल्यानंतरच.