विषाची परीक्षा

'विषाची परीक्षा घेऊ नये' असे आपल्याकडे म्हणतात, आणि व्यवहारात ते शहाणपणाचेच आहे. परंतु ही परीक्षा कोणीच घेतली नसती, तर कोणते विष किती घातक, ते शरीरात नेमके काय करते आणि त्यावर उतारा कोणता, हे कधीच कळले नसते. सर्वांच्या वतीने ही परीक्षा घेणाऱ्या शास्त्राला विषविज्ञान म्हणतात. या विषयाची पदवी घेता येते काय, त्यात काय शिकवतात आणि शिकून पुढे काय करायचे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. कलाशाखेच्या वाचकांनी 'हा आपला प्रांत नव्हे' म्हणून पान उलटू नये. या विषयाचे एक टोक त्यांच्याही हाती येते, हे लेखाच्या अखेरीस दिसेल.

विष म्हटले की हलाहल पचवणारा नीळकंठ आठवतो, मीरेचा आणि सॉक्रेटिसचा प्याला आठवतो. मानवाने विषाचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे विषचिकित्सेचे अंग होय. सुश्रुतसंहितेतील कल्पस्थान या विषयालाच वाहिलेले असून राजाच्या अन्नाचे रक्षण कसे करावे येथपासून सर्पदंशापर्यंतचा विचार त्यात आहे. युरोपात आधुनिक विषविज्ञानाचा पाया माथ्यू ऑर्फिला याने घातला. त्याचा विषांवरील ग्रंथ १८१४ पासून पॅरिसमध्ये प्रसिद्ध होऊ लागला. १८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या स्त्रीवर पतीला सोमल घातल्याचा खटला चालला, तेव्हा मृतदेहाच्या अवशेषांत सोमल असल्याचे त्यानेच न्यायालयात सिद्ध केले. तोवर विषप्रयोगाचा निर्णय बराचसा तर्काने होई. आता प्रयोगशाळा साक्षीदार झाली.

पण या शास्त्राचा गाभा याहूनही जुना आहे. सोळाव्या शतकातील पॅरासेल्सस या वैद्याने सांगितले, की विष आणि औषध यांत भेद करते ती मात्रा. चरकाचार्यांनीही युक्तीने वापरलेले विष औषध होते, असा विचार मांडलेला आहे. आपली 'अति तेथे माती' ही म्हण तेच सांगते. थोड्या वेळात कित्येक लिटर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून माणूस दगावू शकतो. म्हणून विषविज्ञानाचा विद्यार्थी 'हे विष आहे काय?' एवढ्यावर थांबत नाही. त्याचा खरा प्रश्न 'किती?' हा असतो. आणि त्याबरोबरच कोणाला, कोणत्या वाटेने आणि किती दिवस, हेही त्याला विचारावे लागते.

हे प्रश्न पदवीच्या पातळीवर कसे शिकवतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पर्यावरणीय विषविज्ञान या विषयात बी. एस्सी. करता येते. डेव्हिसची ही शाखा मुळात विद्यापीठाचे शेत म्हणून सुरू झाली. भोवती भाताची आणि टोमॅटोची शेते आहेत. तेव्हा कीटकनाशकांचा प्रश्न तेथे दाराशीच उभा असतो. तेथे विद्यार्थ्याला आधी रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांचा पाया घालावा लागतो. रहस्यकथा वाचून आलेल्या मुलाला हा काळ कंटाळवाणा वाटत असल्यास नवल नाही. त्यानंतर मुख्य अभ्यास तीन दिशांनी चालतो. हवा, पाणी आणि माती यांत गेलेल्या पदार्थाचे पुढे काय होते, ही पहिली दिशा. अत्यल्प प्रमाणात असलेला पदार्थ शोधून मोजायचा कसा, ही दुसरी. आणि सजीवाच्या शरीरात तो काय करतो, ही तिसरी. शिवाय या विषयाची कायदेशीर बाजूही शिकवली जाते.

तिसऱ्या दिशेचे एक उदाहरण पाहू. आपल्या शेतीत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या अनेक कीटकनाशकांचा ऑरगॅनोफॉस्फेट हा एक मोठा गट आहे. मज्जातंतूकडून स्नायूंना व ग्रंथींना निरोप पोचवणारे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन शरीरात असते. निरोप पोचला की एक विकर त्याचा लगेच नाश करते. हे विष त्या विकरालाच निकामी करते, आणि निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि अखेर श्वास कोंडतो. यावर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. हे ॲट्रोपिन धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींमध्ये सापडते, आणि जास्त झाले तर स्वतःच विष ठरते. काट्याने काटा काढावा, तसा हा प्रकार आहे. पण कोणता काटा कोठे रुतला आहे, हे आधी कोणीतरी शोधले म्हणूनच तो काढता येतो.

आपल्याकडे पदवीसाठी हा स्वतंत्र विषय सहसा नसतो. येथे वाट थोडी वळणाची आहे. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र यांपैकी एका विषयात पदवी घ्यायची आणि मग विषविज्ञानाकडे वळायचे. दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्ये या विषयात एम. एस्सी. करता येते. न्यायालयीन कामाची ओढ असलेल्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. संशोधनासाठी लखनौची संस्था प्रसिद्ध आहे. ती १९६५ साली औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. नवे औषध माणसाला देण्यापूर्वीच्या चाचण्या, अन्नभेसळीची तपासणी, कारखान्यातील कामगारांचे आरोग्य अशी कामाची क्षेत्रे पुष्कळ आहेत. पदवीलाच हा विषय नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. पाया पक्का असला, तर वरचा मजला दोन वर्षांनी चढवला तरी चालतो.

या शास्त्राचे मोठे काम महानगरांतच होते असेही नाही. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, त्यांत लहान मुले बरीच असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. हे विष हृदयावर ताण आणते, फुप्फुसांत पाणी साचवते, हे ध्यानी घेऊन त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध वापरले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले, आणि पुढे या दंशाने होणारे मृत्यू कितीतरी कमी झाले.

आता कलाशाखेच्या टोकाकडे येऊ. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम झाले. त्या नियमांनी डब्यावर रंगीत त्रिकोण आणला. तांबडा सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हे रंग एका आकड्यावरून ठरतात. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. पोटात जाणाऱ्या विषासाठी ती ५० पर्यंत असेल तर तांबडा, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. ही मोजणी ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने १९२७ साली सुचवली.

पण हा आकडा सारे सांगत नाही. एकाच पदार्थाच्या एका मात्रेचा तो हिशेब आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून मारली जात होती. हातमोजे आणि मुखपट्टी अनेकांकडे नव्हती. विष तोंडावाटे नव्हे, तर कातडीतून आणि श्वासातून, तासन् तास, दिवसामागून दिवस शरीरात जात होते. विद्यार्थी वर्गात जे प्रश्न शिकतो, किती, कोणत्या वाटेने, किती दिवस, तेच प्रश्न येथे जीवनमरणाचे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपला शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. तो 'औषध मारायला' रानात जातो. जे औषध आहे त्याची भीती कशी वाटावी? सोबतची सूचनापत्रिका मराठीत असली, तरी तिचे अक्षर बारीक आणि वाक्ये अनेकदा बोजड असतात. ती वाचली जात नाही, हा दोष केवळ वाचणाऱ्याचा नव्हे. प्रयोगशाळेत सापडलेले सत्य रानापर्यंत पोचायचे, तर ते मजुराला कळेल अशा मराठीत कोणीतरी लिहिले पाहिजे, ग्रामसभेत सांगितले पाहिजे, कायद्याच्या भाषेत नेमके मांडले पाहिजे. हे काम भाषेच्या, समाजशास्त्राच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्याचे आहे.

तेव्हा ज्यांचा धाकटा भाऊ वा बहीण विज्ञानशाखेत आहे, त्यांनी त्यांना या विषयाची ओळख अवश्य करून द्यावी. रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांकडे दुर्लक्ष करू नका, एवढे बजावून सांगावे. आणि स्वतः सुटीत गावी गेल्यावर गोठ्यातल्या फळीवरचा डबा एकदा हाती घ्यावा, त्रिकोणाचा रंग पाहावा आणि पत्रिका घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. जे वाक्य त्यांना कळणार नाही, ते सोप्या मराठीत लिहून डब्याशेजारी भिंतीवर चिकटवून ठेवावे.