एक दांडा, दोन कामे

ज्यांनी उभे आयुष्य मोटारसायकलीवर काढले अशा पुण्याच्या एका वृद्ध गृहस्थांच्या गाड्यांविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना झाली, म्हणून मी त्यांच्या वाड्यावर गेलो. पोलिश एसएचएलच्या धर्तीवर घडलेली राजदूत, मद्रासची बुलेट, ९८ सीसीची चपळ आरएक्स १०० आणि म्हैसूरची जावा, इतक्या गाड्या काकांनी बाळगल्या. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, जावाचा डाव्या; तरीही एकीवरून उतरून दुसरीवर बसताना त्यांचे पाऊल कधी चुकले नाही, याचे मला शर्यतीतील विक्रमाहून अधिक अप्रूप वाटते.

आज उरली आहे ती जावा. तिचा दप्तरी इतिहास थोडक्यात सांगता येतो : फ्रान्टिशेक यानेचेक यांनी चेकोस्लोव्हाकियात १९२९ साली सुरू केलेली ही गाडी १९६१ मध्ये म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली, पुढे येझदी या नावाने विकली गेली आणि १९९६ साली त्या कारखान्याला टाळे लागले.

माझे मन मात्र गुंतले ते तिच्या डाव्या अंगाच्या दांड्यात. आत दाबून वर फिरविला की तो किक होतो. इंजिन सुरू झाल्यावर पुढे आणला की तोच गिअरचा दांडा. आणि गिअर बदलण्यासाठी त्यावर पावलाचा भार पडताच आतील योजना क्लचही सोडविते, त्यामुळे सराईत स्वाराला डाव्या हाताची मूठ आवळावी लागत नाही. थोड्या धातूत इतका विचार साठविणाऱ्या त्या अज्ञात कारागिराविषयी माझ्या मनात निःसंशय आदर आहे. काकांनी किक मारली, एकाच सिलिंडरचे दोन सायलेन्सर बोलू लागले, आणि क्षणभर कान देऊन ते म्हणाले, "पॉइंट बघायला हवा."

चिंता आहे ती पुढचीच. पेट्रोलमध्ये ऑइल मापून घालावे लागते, सायलेन्सरमधील काजळी वेळोवेळी काढावी लागते, आणि धूर होतो ही तक्रारही रास्तच आहे. नोंदणीची १५ वर्षांची मुदत केव्हाच सरली. आता दर ५ वर्षांनी गाडी तपासणीस हजर करून नूतनीकरणाचा अर्ज गुदरावा लागतो. या साऱ्याची तजवीज काका आनंदाने करतात. अडते ते सुट्या भागांपाशी. दांड्याच्या आतले दाते झिजले की लेथवर नवे कापून मिळतात, पण पोलादाला योग्य पाणी देणारा मिस्त्री शोधूनही सापडत नाही. २०१८ साली जावा नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण ते फोर-स्ट्रोक इंजिन सर्वस्वी निराळे. त्याचा भाग येथे उपयोगी पडत नाही. म्हणून वाचकांस विनंती अशी, की घरच्या माळ्यावर जावा किंवा येझदीचे जुने भाग पडले असतील, तर ते भंगारवाल्याला वजनावर घालू नका. आधी गावातल्या जुन्या मिस्त्रीला दाखवा.