धूर, स्फोट आणि पटावरचा रणगाडा

इतिहासातील लढाया नकाशावर किंवा टेबलावर पुन्हा खेळून पाहणे म्हणजे युद्धखेळ. प्रशियाचा लष्करी अधिकारी राइसविट्झ याने १८२४ साली अशा खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात योगायोगासाठी फासे होते. विज्ञानाच्या भाषेत हा खेळ म्हणजे एक प्रतिमान. त्यात काय घेतले आणि काय गाळले, यावर उत्तराचा खरेपणा ठरतो. रणगाड्यातील गोळ्यांचेच उदाहरण घेऊ.

१९४१ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश बनावटीच्या बहुतेक रणगाड्यांवर ४० मिलिमीटर व्यासाची ‘टू-पाउंडर’ तोफ होती. तिचा भरीव पोलादी गोळा सुमारे १.१ किलोग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे ७९० मीटर. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले, की गतिज ऊर्जा येते सुमारे ३,४०,००० ज्यूल. ती चार सेंटिमीटरच्या वर्तुळावर एकवटते, म्हणून चिलखत भेदले जाते.

पण समोर रणगाड्याऐवजी वाळूत दडवलेली तोफ असेल तर? गोळा दोन हात बाजूला पडला, की तोफेवरची माणसे बचावतात. येथे स्फोटक गोळा हवा. त्याच्या कवचाचे तुकडे चहूकडे उडतात, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी चालते. गोळ्याचे आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ४० ऐवजी ७५ मिलिमीटर व्यास घेतला, तर ते सुमारे साडेसहा पट होते आणि दारूही त्या मानाने जास्त मावते. जर्मन पॅन्झर-४ वर अशी ७५ मिलिमीटरची तोफ होती. ब्रिटिशांना ती अमेरिकी ग्रँट रणगाड्यांवर मिळाली. मे १९४२ मध्ये गझालाच्या लढाईत ते उतरले. टू-पाउंडरच्या रणगाड्यांना मात्र स्फोटक गोळे दिले जात नसत. त्यांना मशीनगनच्या टप्प्यापर्यंत पुढे जावे लागे, नाहीतर तोफखान्याची मदत मागावी लागे.

मोजक्या ब्रिटिश रणगाड्यांवर ३ इंची हॉवित्झर असे. तिला मुख्यतः धूरगोळे मिळत. धुरातील सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात आणि नेम धरणाऱ्याला लक्ष्य दिसेनासे होते. धुराने तोफ मोडत नाही, पण पुढे सरकायला किंवा माघार घ्यायला काही मिनिटे मिळतात; वारा असला तर तीही कमी.

आता नियम करणाऱ्याने प्रत्येक रणगाड्याला स्फोटक गोळा दिला आणि धुराला शून्य गुण दिले, तर पटावरचा ब्रिटिश खेळाडू सहज जिंकेल. मग १९४१ चे सैनिक अकुशल होते, असा चुकीचा निष्कर्ष आपण काढू. दोष त्यांचा नव्हे, आपल्या प्रतिमानाचा असेल.

वर्गात हे करून पाहता येईल. ३६ चौकटींचा चौरस आखा आणि मधल्या एका चौकटीत तोफ ठेवा. दोन रंगांचे फासे टाका. एक ओळ ठरवेल, दुसरा स्तंभ. भरीव गोळ्याला नेमकी तीच चौकट लागेल. स्फोटक गोळ्याला शेजारच्या आठही चालतील. शक्यता अनुक्रमे १/३६ आणि ९/३६. फासे तेच, तोफ तीच. एका नियमाने निकाल नऊपट बदलला. विद्यार्थ्यांना विचारा : यातला कोणता नियम १९४१ ला लागू होता?